परदेशाच्या फाइलीत मेडिकल कुठं अडतं आणि का

व्हिसासाठी लागणारं मेडिकल (वैद्यकीय तपासणी) झालं. दोन-तीन आठवड्यांनी ई-मेल आला आणि त्यात ‘पुढील तपासणी आवश्यक’ एवढंच. मग फोन सुरू होतात. व्हिसा गेला का? पोराला काही मोठं निघालं का? एजंट म्हणतो दुसरीकडून एक्स-रे काढून आणा, आणू का?

लातूरला छातीच्या आजारांचे पेशंट बघताना अशी मंडळी माझ्याकडं येत असतात, आणि गेल्या काही वर्षांत ती बरीच वाढली आहेत. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या नर्स, कॅनडात मुलाकडं जाणारे आईवडील, लंडनला शिकायला चाललेली उदगीर-निलंग्याची पोरं. त्यांना समोर बसवून जे सांगतो ते इथं सविस्तर मांडतो आहे. आजारामुळं कायमचा नकार मिळालेले लोक मी थोडेच पाहिले. अडकलेले मात्र पुष्कळ पाहिले, आणि त्यातले बहुतेक जुन्या आजाराचा कागद हाताशी नसल्यामुळं किंवा आजारच लपवल्यामुळं अडकले.

तपासतात काय?

देश कोणताही असो, विचारायचं असतं ते मुख्यतः दोन गोष्टींबद्दल. या माणसामुळं आमच्या लोकांना संसर्गाचा धोका आहे का? आणि याच्या उपचारांचा आमच्या सरकारी तिजोरीवर किती बोजा पडेल? पहिला प्रश्न मुख्यतः टीबीचा. दुसरा किडनी निकामी होणं, कॅन्सर, आयुष्यभर सेवा लागणारं अपंगत्व अशा गोष्टींचा. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोन्ही प्रश्न विचारतात. अमेरिकेचा भर संसर्ग, लसीकरण, मानसिक आजार आणि व्यसन यांवर असतो. ब्रिटन सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांकडून टीबीचं सर्टिफिकेट मागतं, आणि खर्चाचा प्रश्न आरोग्य अधिभार लावून सोडवतं. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड झाला, विद्यार्थ्यांना आणि १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६ पौंड. ‘हेल्थ अँड केअर’ व्हिसावर जाणाऱ्या नर्सना तो माफ आहे. एखादा एजंट नर्सकडून या नावाखाली पैसे मागत असेल तर लगेच सावध व्हा.

गोळ्यांवर आटोक्यात असलेली शुगर, बीपी, थायरॉइड यांमुळं सहसा काही अडत नाही. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहून क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) चढलं असेल, तर मात्र किडनीचा सविस्तर रिपोर्ट मागतात. एचआयव्हीची भीतीही जुन्या काळातली आहे. अमेरिकेनं त्यावरची प्रवेशबंदी जानेवारी २०१० मध्ये उठवली, न्यूझीलंडनं ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या यादीतून एचआयव्ही काढून टाकला. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया तपासणी करतात, पण पॉझिटिव्ह आला म्हणजे आपोआप नकार असं तिथं नाही. औषधांचा खर्च किती येईल ते पाहून ठरवतात.

आखाताचं मेडिकल ही वेगळी गोष्ट. ज्याला लोक अजून गामका म्हणतात आणि ज्याचं नाव आता वाफिद आहे, तिथं निकाल ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ असा सरळ लागतो. फुप्फुसावरचा टीबीचा जुना, भरून आलेला डागही तिथं अनफिट ठरवतात. त्यामुळं एकदा दुबईसाठी अनफिट झालेली माणसं पुढं ऑस्ट्रेलियाचा विचारच सोडून देतात. तसं करू नका. तोच डाग ऑस्ट्रेलियाला चालू शकतो, फक्त तो जुना आहे हे दाखवावं लागतं.

क्लिनिक आणि त्याआधीची रात्र

ही तपासणी नेहमीच्या डॉक्टरकडं होत नाही. माझ्याकडं नाही, संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयातही नाही. त्या त्या देशानं नेमलेल्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडंच ती करावी लागते, आणि त्यांची यादी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर असते. यादी बदलत राहते, म्हणून शेजाऱ्याच्या पोरानं दोन वर्षांपूर्वी कुठं केलं त्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या बहुतेकांना मुंबई नाहीतर पुणं गाठावं लागतं. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं आणि तिथं जाऊनही तपासणी करता येते. महाराष्ट्रातला माणूस म्हणून मुंबईलाच गेलं पाहिजे असं काही नाही.

लोक पैसे वाचवायला रात्रीच्या देवगिरीनं निघतात. सकाळी मुंबईत उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं आणि थेट क्लिनिक. झोप नाही, पोटात चहाशिवाय काही नाही, मनात धाकधूक. बीपी १६० भरतं. एरवी १३० असलेल्या माणसाच्या कागदावर मग हृदयाची आणखी तपासणी लागते. एक दिवस आधी जा, एखाद्या नातेवाइकाकडं किंवा धर्मशाळेत मुक्काम करा, रोजच्या गोळ्या घ्या. ताप किंवा लघवीची जळजळ असेल तर तारीख पुढं ढकला. बायकांनी पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी देऊ नये, कारण लघवीत रक्त दिसलं की पुन्हा तपासणी ठरलेली. एवढ्याशा गोष्टीनं फाइल महिनाभर मागं पडलेली मी पाहिली आहे.

सोबत मूळ पासपोर्ट, बोलावणं आलं असेल तर त्या पत्रावरचा क्रमांक (ऑस्ट्रेलियासाठी त्याला एचएपी आयडी म्हणतात), चष्मा, चालू औषधांची चिठ्ठी आणि जुन्या आजारांची फाइल न्यायची. फाइलीबद्दल पुढं बोलूच.

पॅनेलचा डॉक्टर तुम्हाला पास-नापास करत नाही. तो तपासतो, नोंदी करतो आणि ऑनलाइन पाठवतो. ऑस्ट्रेलियासाठी तो ‘ए’ किंवा ‘बी’ अशी श्रेणी देतो. ‘ए’ म्हणजे काही विशेष आढळलं नाही, आणि अशा फाइली बहुधा झटपट पुढं सरकतात. ‘बी’ म्हणजे तिकडच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं नजरेखालून घालावी अशी काही नोंद आहे. ‘बी’ म्हणजे नकार नव्हे. पण तिथं रांग असते, आणि उशीर सुरू होतो तो या रांगेत. क्लिनिकला रोज फोन करून काही उपयोग नाही, कारण निर्णय त्यांच्या हातात नसतो. त्यांनी रिपोर्ट पाठवला की नाही एवढं मात्र जरूर विचारा. एखादा रिपोर्ट जोडायचा राहून गेलेला असतो आणि महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

डाग दिसला की आठ आठवडे का लागतात

आपल्याकडच्या लोकांची फाइल सगळ्यात जास्त अडते ती इथं, म्हणून जरा थांबून सांगतो.

टीबीचा जंतू पुष्कळांच्या शरीरात झोपलेला असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत हा संसर्ग आढळला. यातले बहुसंख्य लोक आयुष्यात कधी आजारी पडत नाहीत. काहींना टीबी होतो आणि बरा होतो, काहींचा तर नकळत येऊन जातो. मागं राहतो तो फुप्फुसाच्या वरच्या टोकाला एक डाग, एखादी पांढुरकी रेघ, एखादा चुन्याचा ठिपका. गुडघ्यावरचा व्रण बघून जखम ओली आहे का सुकलेली ते लगेच कळतं, पण एक्स-रेच्या एकाच फोटोत फुप्फुसाचा व्रण ते सांगत नाही. आजार जागा आहे की संपलेला, हे नक्की करायला बेडका तपासावा लागतो.

ओळीनं तीन दिवस, सकाळी उपाशीपोटी, क्लिनिकच्या माणसासमोर बेडका द्यायचा. तोंडातली थुंकी चालत नाही, छातीच्या खोलातून खोकून काढलेला हवा. म्हणजे शहरात किमान तीन रात्रींचा मुक्काम आला. त्याची तयारी ठेवूनच जा, नाहीतर पहिला नमुना देऊन लोक गावी परततात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मग हा बेडका दोन प्रकारे तपासतात. काचेवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की एक-दोन दिवसांत कळतं, पण त्यात जंतू दिसायला ते हजारोंनी असावे लागतात. थोडे असतील तर सुटतात. म्हणून कल्चर लावतात, म्हणजे जंतूला खाद्य देऊन वाढवून बघतात. साधे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात. तो वाढला नाही, असं छातीठोकपणे म्हणायला सहा ते आठ आठवडे थांबावंच लागतं. पैसे जास्त दिले, ओळख काढली, आमदारांचं पत्र आणलं, तरी जंतू लवकर वाढत नाही. ‘लवकर करून देतो’ म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, हे यावरून ओळखा.

‘मग दोन तासांत सांगणारी जीनएक्स्पर्ट आहे ना?’ असं शिकलेली पोरं विचारतात. ती चांगली तपासणी आहे, आम्ही रोज वापरतो. पण ती जंतूचा जनुकीय अंश शोधते. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसात मेलेल्या जंतूचा अंशही तिला सापडू शकतो, आणि अगदी थोडे जिवंत जंतू तिच्या हातून निसटू शकतात. जंतू जिवंत आहे का, हे कल्चरच सांगतं.

या काळात एक चूक फार महागात पडते. खोकला आहे म्हणून जवळच्या औषधाच्या दुकानातून लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक गोळी आणून पाच दिवस खायची. ही औषधं टीबीच्या जंतूलाही अर्धवट मारतात. कल्चर मग निगेटिव्ह येऊ शकतं आणि आजार आत तसाच राहतो. पॅनेल डॉक्टरला हे कळलं तर तो नमुने पुढं ढकलतो. कळलं नाही तर तोटा तुमच्या शरीराचा आहे. बेडका द्यायच्या आधी कोणतंही अँटिबायोटिक घेतलं असेल तर सांगाच.

अन् कल्चर पॉझिटिव्ह आलं तर? आधी उपचार. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने कमी औषधं. तो संपल्यावर पुन्हा बेडका, पुन्हा कल्चर. सगळं धरून वर्षाच्या आसपास जातं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा वेळी बहुधा फाइल फेटाळत नाहीत, थांबवून ठेवतात. ब्रिटनसाठी बरं झाल्यावर नव्यानं सर्टिफिकेट काढता येतं. अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या फाइलीत उपचार कुठं आणि कसे घ्यायचे याचे त्यांचे स्वतःचे नियम आहेत, म्हणून गावात गोळ्या सुरू करण्याआधी पॅनेल डॉक्टरशी बोला. आणि व्हिसा बाजूला ठेवून सांगतो, या तपासणीमुळं कळलेला टीबी हा वेळेत कळलेला टीबी असतो. त्या माणसाच्या घरातली लहान मुलं वाचतात.

लहान मुलांबद्दलही एक. अमेरिकेसाठी २ ते १४ वर्षांच्या मुलांची रक्ततपासणी करतात. ती पॉझिटिव्ह आली की आईबाप हादरतात. रक्त पॉझिटिव्ह म्हणजे जंतूची ओळख झालेली आहे, एवढंच. मग एक्स-रे काढतात, तो स्वच्छ आणि मूल ठणठणीत असेल तर फाइल पुढं जाते. बाकीच्या देशांत साधारण ११ वर्षांपासून पुढं एक्स-रे काढतात.

“टीबी नव्हता हो सर, पाणी झालं होतं”

अहमदपूरकडच्या एक बाई आल्या होत्या, मुलगा कॅनडात. आईवडिलांना मुलाकडं दीर्घकाळ राहता येतं त्या सुपर व्हिसाची फाइल, एक्स-रेवर उजव्या बाजूला जुना डाग. आधी काय झालं होतं विचारलं तर म्हणाल्या, “काहीच नाही सर. छातीत पाणी झालं होतं, ते काढलं अन् गोळ्या दिल्या.”

“किती दिवस खाल्ल्या गोळ्या?”

“सहा महिने की. लाल लघवी व्हायची त्यानं.”

सहा महिने गोळ्या आणि लाल लघवी, म्हणजे रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध. तो टीबीच होता. बाजूला बसलेले त्यांचे यजमान खाली बघत होते. त्यांना माहीत होतं, पण पोरीचं लग्न जमवायचं होतं म्हणून घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. बाईंनी फॉर्मवर ‘टीबी झाला नाही’ असं लिहिलं होतं, आणि त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं. आम्ही दवाखान्याकडून तारखांचं पत्र घेतलं, पॅनेल डॉक्टरला लेखी खुलासा दिला, कल्चर झालं, निगेटिव्ह आलं. वेळ लागला, पण त्या गेल्या.

मराठवाड्यात ही गोष्ट घरोघर आहे. म्हणून अर्ज करण्याच्या खूप आधी घरात बसून मोकळेपणानं विचारा: आजीला, आईला, स्वतःला कधी महिनोन्‌महिने गोळ्या होत्या का? छातीतलं पाणी, मानेच्या गाठी, मणक्याचं दुखणं, हे सगळं टीबीचं असू शकतं. पोटावर टाका आहे, पिशवी काढलेली आहे, पण कशासाठी काढली ते कुणालाच सांगता येत नाही, असंही फार दिसतं. डॉक्टर टाका पाहणारच आणि विचारणारच.

कागद शोधायचा कसा? सरकारी उपचार झाले असतील तर ज्या तालुक्यात गोळ्या घेतल्या तिथलं क्षयरोग पथक आणि जिल्हा क्षयरोग केंद्र इथं चौकशी करा. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण, खाजगी दवाखान्यातलासुद्धा, सरकारला कळवणं बंधनकारक आहे आणि निक्षय नावाच्या प्रणालीत त्याची नोंद होते. निक्षय क्रमांक मिळाला तर अर्धं काम झालं. खाजगी डॉक्टरांना कागद जपायचं बंधन नियमानं तीनच वर्षांचं आहे, पण त्या मुदतीत तुम्ही मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. दहा वर्षांपूर्वीचं असेल तर बहुधा काही मिळणार नाही. तरी जाऊन विचारा. डॉक्टर हयात असतील आणि ओळखत असतील तर आठवणीवरून नव्हे, नोंदीवरून जेवढं सांगता येईल तेवढं लिहून द्या म्हणावं.

जुनी एक्स-रे फिल्म घरात असेल तर तिच्याइतकं मोलाचं काही नाही. तीन वर्षांपूर्वी डाग जसा होता तसाच आजही आहे, हे तिच्यावरून दाखवता येतं. ती पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवू नका, उन्हाळ्यात चिकटते. आता एक्स-रे काढाल तेव्हा सीडी किंवा पेनड्राइव्हवरही मागून घ्या.

डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत हवं आणि त्यात नुसतं ‘पेशंट बरा आहे’ असून चालत नाही. आजाराचं निदान कोणत्या तारखेला, कशावरून झालं, कोणती औषधं किती मात्रेत दिली, कधी सुरू आणि कधी बंद केली, शेवटी बेडका तपासला का, आज प्रकृती कशी आहे, एवढं सगळं लागतं. टीबी कार्डावर ‘बरा झाला’ आणि ‘कोर्स पूर्ण केला’ या वेगळ्या नोंदी असतात. पहिल्यात शेवटचा बेडका निगेटिव्ह असल्याचा पुरावा असतो, दुसऱ्यात नसतो. कार्डावर जी नोंद आहे तीच पत्रात हवी, दुसरी नको.

नावाचा घोळ वेगळाच. कार्डावर ‘कमल’, पासपोर्टवर ‘कमलबाई’. कार्डावर वय ४५, पासपोर्टप्रमाणं ५२, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून आणि जमेल ते साल टाकलेलं. आपल्याला हे नेहमीचं आहे, सिडनीत बसलेल्या अधिकाऱ्याला ती दोन माणसं वाटतात. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं नोटरीसमोरचं शपथपत्र आधीच करून ठेवा.

खर्चाची रेघ

संसर्ग नाही, पण उपचार महाग आहेत, अशा फाइली कमी असतात आणि फार जिवाला लागतात. मतिमंद मूल, डायलिसिसवरचे वडील. खर्चाचा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक देशानं जास्तीत जास्त किती खर्च चालेल याचा आकडा ठरवला आहे. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा ५१,००० वरून ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केली. न्यूझीलंडची पाच वर्षांसाठी ८१,००० न्यूझीलंड डॉलर आहे. कॅनडानं २०१८ मध्ये मर्यादा तिप्पट केली, आणि २०२५ सालासाठी ती पाच वर्षांत १,३५,८१० कॅनेडियन डॉलर होती. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्या आजारासाठी एखाद्याला नकार आला, त्यातले बरेच आज बसतात. जुन्या अनुभवावरून हात टेकू नका.

कॅनडात नवरा-बायको आणि स्वतःवर अवलंबून असलेली मुलं यांना कुटुंब म्हणून बोलावलं असेल, तर खर्चाची अट लागतच नाही. ऑस्ट्रेलियात १८९ आणि १९० या कुशल कामगारांच्या व्हिसात खर्चाच्या अटीला सूट नाही, जोडीदाराच्या आणि नोकरीच्या काही व्हिसांत ती मागता येते. म्हणून घरात मोठा आजार असेल तर आधी व्हिसाचा प्रकार नीट निवडा, फी मागाहून भरा.

नकार देण्याआधी अधिकारी सहसा पत्र पाठवून म्हणणं मांडायची संधी देतात. कॅनडात त्याला ९० दिवस मिळतात. त्या पत्राला ‘आम्ही गरीब शेतकरी, दया करा’ असं उत्तर देऊ नका. तज्ज्ञ डॉक्टरचं ताजं मत, औषधाची खरी किंमत, स्वस्त जेनेरिक उपलब्ध आहे का, मुलाच्या शिक्षणाची आणि देखभालीची काय व्यवस्था करणार आहात, हे आकड्यांसह लिहा. डायलिसिससारख्या सरकारी दवाखान्यातल्या उपचारांबद्दल ‘आम्ही पैसे भरू’ हे वचन कॅनडा मान्य करत नाही. अशा वेळी एखाद्या परवानाधारक सल्लागाराची किंवा वकिलाची फी देणं योग्य आहे. एरवी मी तसं सुचवत नाही.

मुदती आणि मागं राहिलेलं लेकरू

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मेडिकल साधारण १२ महिने चालतं, ब्रिटनचं टीबी सर्टिफिकेट आणि अमेरिकेचं मेडिकल बहुधा सहा महिने. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं. पोलिसांचा दाखला वेगळा. प्रत्येक कागदाची मुदत स्वतंत्र पळत असते, आणि फाइल मात्र पार्श्वभूमी तपासणीत सहा-सहा महिने हलत नाही. मेडिकल संपलं की पुन्हा करा, पुन्हा पैसे, पुन्हा मुंबई. यात तुमचा दोष नसतो, पण खर्च तुमचाच होतो, म्हणून कुटुंबातल्या प्रत्येकाच्या दुसऱ्या मेडिकलचे पैसे सुरुवातीलाच बाजूला ठेवलेले बरे.

आधी मेडिकल करायचं की बोलावण्याची वाट बघायची, हे व्हिसाप्रमाणं बदलतं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कुशल कामगारांच्या कायम वास्तव्याच्या योजनेत) २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्ज भरण्याआधीच मेडिकल करणं सक्तीचं झालं आहे. ज्यांच्या घरात जुना डाग आहे त्यांच्यासाठी, जिथं परवानगी आहे तिथं, लवकर करणंच हिताचं. आठ आठवड्यांचं कल्चर मग फाइलीच्या आधीच उरकतं.

गर्भवतीचा एक्स-रे हा हमखास अडणारा मुद्दा. पोटावर संरक्षक आच्छादन घेऊन काढायचा, बाळंतपणानंतर काढायचा, की ब्रिटनसारखं एक्स-रेऐवजी बेडका द्यायचा, हे स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून ठरवा. बाळ झाल्यावर फाइलीत त्याचंही नाव आणि मेडिकल जोडावं लागतं.

आणि हे सगळ्यात कळकळीनं सांगतो. “धाकटा सध्या आजीकडं राहील, नंतर नेऊ” असं म्हणून त्याचं नाव फॉर्ममध्ये घालायचंच नाही, किंवा मेडिकल करायचं नाही, असं करू नका. कॅनडात, सोबत न येणाऱ्या मुलाचंही नाव आणि मेडिकल लागतं. ते राहिलं तर त्या मुलाला पुढं कुटुंब म्हणून बोलावणं फार अवघड होऊन बसतं. ऑस्ट्रेलियातही कायम वास्तव्याच्या बहुतेक व्हिसांत घरातल्या सगळ्यांनी आरोग्याची अट पूर्ण करावी लागते, न येणाऱ्यांनीसुद्धा, आणि एकाचं अडलं की सगळ्यांचं अडतं.

अमेरिकेसाठी लसींचा पुरावाही लागतो. बाळाचं लसीकरण कार्ड सापडत नसेल तर आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडं नोंदवही बघा. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली होती, तेव्हाचं कार्डही जपून ठेवलं असेल तर जोडा. काहीच मिळालं नाही तर काही लसींसाठी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून घेतात, नाहीतर लस पुन्हा देतात. पुन्हा लस घेतल्यानं नुकसान होत नाही.

लपवू नका

दुसऱ्याला एक्स-रेसाठी उभं करा, दवाखान्याच्या नावाचा खोटा कागद बनवा, ‘नाही’ म्हणून टाका, असले सल्ले देणारे लोक आहेत. क्लिनिकमध्ये पासपोर्ट आणि फोटो ताडून पाहतात. खोटं उघड झालं तर कॅनडा पाच वर्षं, ऑस्ट्रेलिया तीन वर्षं आणि ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकतं, आणि हे देश एकमेकांना माहिती देतात. बरा झालेला टीबी सांगितला तर दोन-तीन महिन्यांचा उशीर. लपवला आणि सापडला तर घरातल्या सगळ्यांची काही वर्षं.

तिथं उतरल्यावर एक काम उरतं, आणि ते विसरणारे फार. जुना डाग किंवा झोपलेला संसर्ग असलेल्यांना ऑस्ट्रेलिया एक हमीपत्र भरायला लावतं. पोचल्यापासून २८ दिवसांत तिथल्या नेमलेल्या आरोग्यसेवेला कळवायचं असतं. कॅनडाही अशांना बहुधा ३० दिवसांत स्थानिक आरोग्य विभागाशी संपर्क साधायला सांगतं. ही शिक्षा नाही. तिथं तपासतात, लागल्यास फुकट औषध देतात आणि पुढची नोंद ठेवतात. ते पत्र विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका, आणि तिथलं सिम मिळाल्याबरोबर पहिला फोन गावी केला की दुसरा त्या पत्रावरच्या नंबरला करा.